पोट उघडण्याची घाई

१८८६ साली बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्सवर एक निबंध वाचला आणि पोटाच्या शस्त्रक्रियेला वेगळंच वळण लागलं. ओटीपोटाच्या उजव्या बाजूला अचानक उठणाऱ्या, चार-सहा दिवसांत माणसाला घेऊन जाणाऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा अपेंडिक्समध्ये असतं. ते वेळीच ओळखा आणि फार वाट न पाहता पोट उघडा, असं त्यांचं म्हणणं होतं. फिट्झ स्वतः सर्जन नव्हते. बर्लिनला फिरखो यांच्या हाताखाली शिकून आलेले ते हार्वर्डचे विकृतिशास्त्रज्ञ. मेलेल्यांची पोटं तपासून जिवंतांचे रोग समजून घ्यायचे, हा त्यांचा व्यवसाय.

तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, न्यूयॉर्कच्या पॅथॉलॉजिकल सोसायटीपुढे ते आणखी एका अवयवावर बोलले. तो अवयव म्हणजे स्वादुपिंड. इथे त्यांचा सल्ला नेमका उलटा होता. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया करणं अतिशय धोक्याचं आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या शंभर वर्षांत सर्जनांनी फिट्झ यांचा पहिला सल्ला मनापासून पाळला. दुसरा पुन्हा पुन्हा मोडला, आणि तो मोडण्यामागे त्यांची कारणं अगदीच फालतू नव्हती.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवं पसरलेलं असतं. वीतभरही लांब नाही. पण रोज दीडेक लिटर पाचकरस तयार करतं. मांस आणि चरबी विरघळवणारी द्रव्यं त्यात असतात आणि आतड्यात पोचेपर्यंत ती निद्रिस्त राहतात. काही कारणानं ती ग्रंथीतच जागी झाली, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. प्रागच्या हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये ही स्वपचनाची कल्पना मांडली. बहुतेक रुग्णांत ग्रंथी नुसती सुजते आणि आठवडाभरात सूज उतरते. शंभरात दहा ते वीस जणांत मात्र ग्रंथीचा काही भाग आणि तिच्याभोवतीची चरबी मरते. यालाच डॉक्टर नेक्रोसिस म्हणतात. आपल्या या लेखाचा विषय हा मेलेला भाग: तो आहे हे कळायचं कसं, आणि कळल्यावर त्याचं करायचं काय.

मेलेल्या ग्रंथीचं वर्णन नवं नव्हतं. ॲम्स्टरडॅमच्या निकोलास टुल्प यांनी सतराव्या शतकात शवविच्छेदनात पाहिलेलं असं एक स्वादुपिंड नोंदवून ठेवलंय. रेम्ब्राँच्या प्रसिद्ध चित्रात प्रेताचा हात सोलून दाखवणारे ते हेच टुल्प. १८८२ साली जर्मनीत बाल्झर यांनी पोटातल्या चरबीवर उठणारे, मेणाच्या थेंबांसारखे पांढरे डाग वर्णन केले. पाचकरसानं चरबी फोडली की सुटलेली आम्लं रक्तातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि अक्षरशः साबण तयार होतो. रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम उतरतं त्याचं एक कारण हेच. फिट्झ यांचं मोठेपण असं की या विखुरलेल्या निरीक्षणांना त्यांनी खाटेवरच्या रुग्णाशी जोडलं. धडधाकट माणसाच्या पोटात वरच्या भागात अकस्मात भयंकर कळ येते, उलट्या होतात, माणूस गळून जातो. अशा वेळी स्वादुपिंडाचा संशय घ्या, असं त्यांनी सांगितलं.

पण संशय घ्यायचा तरी कशावर? अशीच कळ जठराला भोक पडलं तरी येते, आतड्याला पीळ बसला तरी येते. त्या दोन्हींत पोट उघडलं नाही तर माणूस गेलाच. रक्ताची तपासणी नाही, आत पाहायचं साधन नाही. मग सर्जन पोट उघडायचा आणि पांढरे डाग, काळपट लाल पाणी दिसलं की निदान व्हायचं. सुरी आधी डोळ्याचं काम करत होती, मग औषधाचं. ही दोन कामं एकमेकांत इतकी गुंतली होती की वेगळी करून पाहणं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी जमलं नसतं.

१९०१ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी असंच एक पोट उघडलं. रुग्ण वाचला नाही. शवविच्छेदन तरुण यूजीन ओपी यांनी केलं. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जिथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात, नेमक्या त्या तोंडाशी त्यांना एक बारीकसा पित्तखडा अडकलेला सापडला. खड्यानं तोंड बंद झालं की पित्त उलटं स्वादुपिंडात शिरतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पित्त शिरतं की नुसता दाब वाढतो, यावर पुढे खूप वाद झाले. खड्याचा गुन्हा मात्र शाबीत झाला. त्याचा निर्णायक पुरावा मिळायला १९७४ उजाडलं. अर्जेंटिनाच्या अकोस्टा आणि लेडेस्मा यांनी अशा रुग्णांचा मळ दहा-दहा दिवस गाळून पाहिला. ३६ पैकी ३४ जणांच्या मळात त्यांना पित्तखडे मिळाले. बहुतेकांत खडा काही काळ अडकून आपसूक निघून जात होता. म्हणूनच शवविच्छेदनात तो क्वचितच हाती लागायचा. वैद्यकातल्या काही फार सुंदर प्रयोगांना नाक दाबून धरावं लागतं, ते असं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात शस्त्रक्रियेचाच जोर होता. लीड्सचे बर्कली मॉयनिहन हे त्या काळचे पोटाच्या शस्त्रक्रियेतले मोठे अधिकारी. १९२५ साली त्यांनी या रोगाला पोटातल्या सगळ्या आपत्तींत भयंकर ठरवलं आणि उपाय म्हणून पोट उघडून साचलेलं वाहू द्यायला सांगितलं. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मरत. तरी कुणी सुरीला दोष दिला नाही, कारण हा रोग म्हणजे जवळजवळ मरणच, अशी सगळ्यांची समजूत होती. ती समजूत कशावरून झाली? ज्यांचं पोट उघडलं किंवा ज्यांचं शवविच्छेदन झालं, त्यांच्यावरून. जे घरी चार दिवस कण्हून बरे झाले, त्यांची गणती कुठेच नव्हती.

ती गणती सुरू केली सेंट लुईसच्या रॉबर्ट एल्मन यांनी. स्वादुपिंडाला इजा झाली की अमायलेज नावाचं पाचकद्रव्य रक्तात वाढतं आणि ते मोजता येतं, हे त्यांनी १९२९ मध्ये दाखवलं. आता पोट न उघडता रोग ओळखता येऊ लागला. पाहता पाहता सौम्य रुग्णांची रांग लागली. उपास, नाकातून नळी, शिरेतून पाणी, वेदनाशामक एवढ्यावर ते बरे होत होते. शस्त्रक्रिया न केलेल्यांचे आकडे शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा चांगले दिसू लागले आणि चाळीस-पन्नासच्या दशकांत सर्जन मागे सरले. फिट्झ बरोबर होते, असं पुन्हा म्हटलं जाऊ लागलं.

पण अमायलेजचा आकडा एवढंच सांगतो की ग्रंथी दुखावली आहे. ती सुजली आहे की मेली आहे, हे त्यातून कळत नाही. हजारावर आकडा गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठून चहा मागतो. ज्याची बहुतेक ग्रंथी मेली आहे अशा रुग्णाचा आकडा कधी कधी बेताचाच असतो, कारण द्रव्य बनवायला पेशीच उरलेल्या नसतात. आपल्याकडे अजूनही नातेवाईक रोज अमायलेज आणि लायपेजचे रिपोर्ट हातात घेऊन आकडा उतरला का ते विचारतात. त्या उतरण्या-चढण्याचा रोगाच्या गंभीरपणाशी फारसा संबंध नाही.

साठच्या दशकात पुन्हा लाट उलटली आणि या वेळी निमित्त झालं व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभागाचं. पूर्वी पहिल्या चार दिवसांत रक्तदाब ढासळून, फुप्फुसं निकामी होऊन जाणारे रुग्ण आता तगू लागले. ते मरत ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पोटातल्या मेलेल्या भागात जंतू शिरून. सर्जनांना वाटलं, सगळ्या विषाचं मूळ ती मेलेली ग्रंथी. तीच आधी काढून टाकली तर? १९६३ साली इंग्लंडमध्ये वॉट्स यांनी एका रुग्णाचं संपूर्ण स्वादुपिंड काढलं आणि तो वाचला. त्या एका यशावर युरोपात ग्रंथी कापून काढण्याची प्रथाच पडली. वाचलेले रुग्ण जन्मभराचे मधुमेही होत. आणि कापून काढलेल्या कित्येक ग्रंथी तपासणीला गेल्या तेव्हा निघालं की वरचं आवरण आणि भोवतीची चरबी काळीठिक्कर पडली होती, आतला गाभा जिवंत होता. पोट उघडून, डोळ्यांनी पाहून, हातात धरूनही काय मेलंय आणि काय जगलंय ते सर्जनला कळत नव्हतं. डोळा म्हणूनही सुरीवर विसंबता येत नव्हतं, ही या साऱ्या प्रकरणातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन रॅन्सन यांनी वेगळ्या वाटेनं प्रश्न हाताळला. ग्रंथी दिसत नाही तर रुग्णाकडे पाहू. १९७४ मध्ये त्यांनी ११ खुणा ठरवल्या. वय, पांढऱ्या पेशी, साखर अशा पाच दाखल होताना पाहायच्या. कॅल्शियम, रक्तातला प्राणवायू, शरीरात मुरलेलं पाणी अशा सहा पुढच्या ४८ तासांत. तीन किंवा अधिक खुणा म्हणजे प्रकरण गंभीर. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यानपिढ्यांनी ही यादी घोकली आहे. तिचा दोष उघड होता: उत्तर मिळायला दोन दिवस लागतात, आणि मिळतं तेही माणसाबद्दल. ग्रंथीबद्दल नाही.

ग्रंथी दिसली ती हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या सीटी स्कॅनच्या यंत्रातून. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. (ज्यांनी तो खडा शोधला ते ओपी त्याच वर्षी मार्चमध्ये, ९७ वर्षांचे होऊन वारले.) पुढच्या काही वर्षांत यंत्र पोटापर्यंत पोचलं. नुसत्या स्कॅनमध्ये सुजलेली आणि मेलेली ग्रंथी सारखीच करडी दिसते. हेलसिंकीच्या किविसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधी युक्ती केली. शिरेतून आयोडीनयुक्त औषध भराभर सोडायचं आणि लगेच स्कॅन घ्यायचा. जिथे रक्त फिरतं तिथे औषध पोचतं आणि ग्रंथी उजळते. जिथे केशवाहिन्याच बंद पडल्या तिथे काळोख राहतो. काळोख तेवढा मेलेला.

न्यूयॉर्कचे इमिल बाल्थझार यांनी त्याला मोजमाप दिलं. १९८५ मध्ये त्यांनी सुजेच्या आणि साचलेल्या द्रवाच्या पायऱ्या ठरवल्या. १९९० मध्ये रॅन्सन यांनाही बरोबर घेऊन मेलेल्या भागाचं प्रमाण त्यात मिळवलं आणि दहा गुणांचा निर्देशांक केला. ज्यांचे गुण ० ते ३ होते त्यांतले ३ टक्के दगावले. ७ ते १० गुणांच्या रुग्णांत मृत्यू १७ टक्के आणि गुंतागुंत ९२ टक्क्यांत. एक खोच मात्र आहे. ऊतक मरायला आणि ते मेलंय हे चित्रात उमटायला दोन-तीन दिवस जातात. दाखल होताच काढलेला स्कॅन बऱ्याचदा खोटा दिलासा देतो. म्हणून निदानाबद्दल शंका नसेल तर पहिले तीन-चार दिवस स्कॅनची घाई करत नाहीत.

आता मेलेला भाग दिसत होता. मग दिसला म्हणून काढायचा का? ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांचं उत्तर होकारार्थीच होतं. शस्त्रक्रिया मोठी असे. पोट आडवं उघडून जठरामागच्या कप्प्यात शिरायचं आणि बोटांनी चाचपत, जे सहज सुटून येईल तेवढंच काढायचं. कात्री लावली की रक्ताचा पूर. जर्मनीत उल्मला हान्स बेगर जाड नळ्या ठेवून तो कप्पा दिवसेंदिवस लिटरच्या लिटर पाण्यानं धुवत ठेवत. अमेरिकेत अटलांटाचे एडवर्ड ब्रॅडली पोट शिवतच नसत. आत गॉज भरून दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा थिएटरमध्ये नेत.

पुढचा धागा याच दोघांनी हाती दिला, हे विशेष. बेगर यांनी काढलेला मृत भाग नियमानं जंतुपरीक्षेला पाठवला. १९८६ चा त्यांचा निष्कर्ष असा: पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जेमतेम पाव रुग्णांत जंतू होते, तिसऱ्या आठवड्यात ते प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात गेलं. म्हणजे मेलेला भाग सुरुवातीला निर्जंतुक असतो. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या गर्झॉफ यांनी स्कॅनच्या मदतीनं बाहेरूनच सुई घालून तिथला थेंबभर द्रव काढला आणि जंतू आहेत की नाहीत, हे पोट न उघडता सांगितलं. निदानाचं शेवटचं कामही सुरीच्या हातून गेलं.

मग ब्रॅडली यांनी धाडस केलं. ज्यांचा मृत भाग निर्जंतुक आहे अशा ११ रुग्णांची त्यांनी शस्त्रक्रियाच केली नाही. त्यांतल्या काहींचे अवयव निकामी होत चालले होते, तरीही नाही. १९९१ मध्ये त्यांनी निकाल छापला: ११ पैकी ११ वाचले. शरीर स्वतःचं मेलेलं ऊतक पचवू शकतं, पुरेसा वेळ मिळाला तर. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, त्यांच्याच पुढाकारानं १५ देशांतले ४० तज्ज्ञ अटलांटाला जमले आणि कशाला काय म्हणायचं ते ठरवलं. बाहेरच्याला हा शब्दच्छल वाटेल. पण तोवर एका गावी जे गळू होतं ते दुसऱ्या गावी सिस्ट होतं, आणि कुणाचे आकडे कुणाशी ताडून पाहता येत नव्हते.

घाईला शेवटचा धक्का मेक्सिकोतून बसला. तिथल्या सर्जनांनी चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. एकांची शस्त्रक्रिया ४८ ते ७२ तासांत, दुसऱ्यांची निदान १२ दिवस थांबून. १९९७ मध्ये निकाल आला: लवकर कापलेल्यांत ५६ टक्के मेले, थांबलेल्यांत २७ टक्के. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. थांबण्याचा फायदा कशात आहे हेही हळूहळू उलगडलं. पहिल्या दोन आठवड्यांत मेलेलं आणि जिवंत ऊतक एकमेकांत घट्ट मिसळलेलं असतं. ओढलं की रक्तवाहिन्या फाटतात. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला शरीर मृत भागाभोवती भिंत बांधतं आणि आतला भाग पातळ होऊ लागतो. तेव्हा तो वेगळा काढता येतो.

पण जंतुसंसर्ग झालाच तर? तिथे तरी पोट उघडणं अटळ होतं ना? या प्रश्नाचं उत्तर नेदरलँड्सनं दिलं. हा छोटा देश. तिथली रुग्णालयं या रोगासाठी एकत्र आली आणि एकामागून एक प्रयोग करत गेली. पहिला मोठा प्रयोग अंगाशी आला. आतड्यातले चांगले जंतू वाढवले तर वाईट जंतू मृत भागात शिरणार नाहीत, या कल्पनेनं त्यांनी प्रोबायोटिक दिलं. कल्पना किती सरळ आणि निरुपद्रवी! २००८ मध्ये कळलं की प्रोबायोटिक घेतलेल्यांत १६ टक्के मेले आणि न घेतलेल्यांत ६. घेतलेल्यांपैकी नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, त्यातले आठ गेले. त्यांनी तो निकाल जसाच्या तसा जगापुढे ठेवला. याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

दुसरा प्रयोग २०१० मध्ये छापला गेला. १९ रुग्णालयं, ८८ रुग्ण. एका गटाचं पोट नेहमीसारखं उघडलं. दुसऱ्या गटात आधी पाठीच्या डाव्या कुशीतून, स्कॅनच्या आधारानं फक्त एक नळी घातली. तेवढ्यानं भागलं नाही तरच त्या नळीच्या वाटेनं दुर्बीण घालून मृत भाग काढायचा. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४०. नव्यानं मधुमेह ३८ टक्क्यांवरून १६ वर आला. मृत्यूचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं, हेही नोंदवायला हवं. या प्रयोगात सर्जनांना सर्वात जास्त चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. नळी घातलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्ण नुसत्या नळीवर बरे झाले. नळीतून दाबाखालचा पू येतो; मेलेलं ऊतक येत नाही, ते आतच राहतं. मेलेलं असेल ते सगळं काढलंच पाहिजे, हा शतकभराचा धडा चुकीचा निघाला होता.

त्यानंतर वाट आणखी आत गेली. स्वादुपिंड जठराच्या मागेच असतं, मग पाठीतून कशाला? तोंडातून एन्डोस्कोप घालायचा, सोनोग्राफीनं जठराच्या भिंतीपलीकडचा साठा शोधायचा, भिंतीला भोक पाडून तो जठरातच रिकामा करायचा. २०१८ मध्ये डच मंडळींनी या दोन वाटांची तुलना केली. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. पण स्वादुपिंडाचा रस त्वचेतून बाहेर झरत राहण्याचा त्रास ३२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

या रोगाच्या रुग्णांचे नातेवाईक तीन-तीन आठवडे आयसीयूबाहेरच्या बाकांवर बसून असतात. आत काहीच चाललेलं नाही, ऑपरेशन टाळताहेत, असं त्यांना वाटत राहतं. आत चाललेलं असतं ते रोजचं: नाकातून आतड्यापर्यंत नेलेल्या नळीनं अन्न, मोजून दिलेलं सलाईन, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं सांभाळणं, ताप नव्याने चढला तर जंतू शिरले का याचा शोध. सलाईनचंसुद्धा गणित बदललं. २०२२ च्या एका प्रयोगात सुरुवातीला भरपूर सलाईन दिलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांच्या अंगात पाणी साचलं, बेतानं दिलेल्यांत ६.३ टक्क्यांच्या, तो प्रयोगही मध्येच थांबवला गेला.

शेवटचा प्रश्न उरला होता तो नळीच्या वेळेचा. जंतुसंसर्ग सिद्ध झाल्यावर नळी २४ तासांत घालायची, की अँटिबायोटिकवर ठेवून भिंत तयार होईपर्यंत थांबायचं? २०२१ मध्ये १०४ रुग्णांचा निकाल आला. लगेच नळी घातल्यानं गुंतागुंत कमी झाली नाही. उलट त्या गटाला सरासरी ४.४ वेळा काही ना काही करावं लागलं. थांबलेल्या गटाला २.६ वेळा. आणि ज्यांना थांबवून ठेवलं होतं, त्यांच्यातल्या ३९ टक्के रुग्णांना नळी कधी घालावीच लागली नाही.